मुकुटबनच्या पेटीवर लावलेला पियानो

पत्रिकेचा नमुना छापखान्यातून आला तेव्हा मी दहावीच्या वह्या तपासत होते. शिपायाने तो टेबलावर ठेवला आणि सांगितलं, वाचून सही करा, दुपारी परत पाठवायचा आहे. वर शाळेचं बोधचिन्ह, खाली ‘दोन पियानो, एक संध्याकाळ’, त्याखाली लहान अक्षरात शास्त्रीय आणि लोकप्रिय संगीताचा कार्यक्रम असं लिहिलेलं. मग वादकांची दोन नावं. पहिलं माझं होतं. दुसरं ज्यांचं असायला हवं होतं त्यांचं नव्हतं. त्या जागी नागपूरच्या एका संगीत शिक्षकांचं नाव होतं. त्यांना मी कधी भेटले नव्हते आणि त्यांच्यासोबत एक सूरही वाजवला नव्हता.

मी सही केली नाही. वह्यांच्याच लाल पेनाने दुसरं नाव खोडलं, वर चाचांचं नाव लिहिलं आणि नमुना परत दिला. तीन दिवसांनी पत्रिका छापून आल्या. त्यांत नागपूरचंच नाव होतं.

चाचा कोण ते सांगते, पण त्याआधी माझ्या डाव्या हाताबद्दल सांगायला हवं.

मी मुकुटबनची. घरी कापूस, तूर आणि सोयाबीन. बाबा गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, अजूनही. गुरुवारी संध्याकाळी ते पेटी उघडायचे आणि मी समोर बसायची. सात-आठ वर्षांची असताना त्यांनी माझी बोटं पट्ट्यांवर ठेवली. पेटीत उजवा हात वाजवतो आणि डावा भाता मारतो. माझा डावा हात दहा वर्षं भाताच मारत होता. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि येत नाही हे मला माहीतही नव्हतं.

दहावीनंतर मी यवतमाळला याच शाळेच्या कनिष्ठ महाविद्यालयात आले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा माझी गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत आले होते. वसतिगृहाची यादी आदल्याच दिवशी बंद झाली होती. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, पुढच्या वर्षी या. तेवढ्यात मागून संस्थेचे अध्यक्ष जात होते. त्यांनी बाबांच्या हातातली पिशवी घेतली, गुणपत्रिका वर-खाली वाचली आणि खिडकीतल्या माणसाला म्हणाले, हिला बसवा. दोनच शब्द. त्या दोन शब्दांवर मी बारावी झाले, बी.ए. झाले, बी.एड. झाले आणि त्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागले. हे मी कधी विसरले नाही आणि या लेखातही कोणी विसरू नये, कारण पुढे मी ज्यांच्याशी भांडले ते हेच अध्यक्ष.

शाळेच्या सभागृहात कोपऱ्यात एक उभा पियानो होता. कोणा जुन्या अधिकाऱ्याच्या बंगल्यातून तो शाळेला मिळालेला. तो वाजवणाऱ्या एकच बाई होत्या, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. शारदोत्सवात मी पेटीवर प्रार्थना वाजवली, ती ऐकून त्यांनी मला पियानोसमोर बसवलं. मी उजव्या हाताने चाल वाजवली. डावा हात आपोआप मागे गेला आणि हवेत भाता मारू लागला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा उजवा हात उचलला, माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, याला एक महिना सुट्टी. महिनाभर मी फक्त डाव्या हाताने वाजवलं. रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास. मला रडू यायचं. आज मला दोन हात आहेत ते त्या महिन्यामुळे. बाईंनी निवृत्त होऊन जाताना त्यांचं युरोपी रचनांचं पुस्तक मला दिलं. पानं सुटी झालेली, समासात त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा.

बाई गेल्या आणि पियानोवर वसतिगृहाच्या जादा गाद्या रचल्या गेल्या. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्यांदा त्या गाद्या काढल्या. आत उंदरांनी घर केलं होतं. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अर्ध्या दाबल्या जात आणि वर येत नसत. तरी मी मधल्या सुट्टीत वाजवायची, जेवढ्या पट्ट्या चालतील तेवढ्यांवर.

एका दुपारी शाळेच्या बोअरची मोटर बंद पडली. दुरुस्तीला लोहाऱ्याहून मेकॅनिक आले. त्यांचं वर्कशॉप तिथल्या एमआयडीसीच्या रस्त्यावर आहे. पंप, मोटरी, कधी ट्रॅक्टर. मी वाजवत होते आणि ते सभागृहाच्या दारात हातातला पाना तसाच धरून उभे होते. माझं थांबलं तेव्हा म्हणाले, “मॅडम, वरून तिसरी काळी जाम हाये. अन् तिच्या बाजूची उतरली.”

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. ते म्हणाले, सीझनमध्ये मी ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतो, लग्नात, वरातीत. मी म्हटलं, मग या ना, वाजवून बघा. ते आले नाहीत. आधी रॉकेलने हात धुतले, मग साबणाने, मग परत साबणाने. तेव्हा कुठे पट्टीला बोट लावलं. एकाच पट्टीला. बराच वेळ ती दाबून धरून त्यांनी आवाज संपेपर्यंत ऐकला.

“मेलं नाही हे,” ते म्हणाले. “नुसतं पडून राह्यलं.”

त्या दिवसापासून ते चाचा झाले. वयाने माझ्या बाबांच्या आगेमागे. रविवारी ते स्कूटरवर पेटारा घेऊन यायचे. पियानोच्या पोटात त्यांनी साठचा बल्ब लावून ठेवला, ओल जायला. तारांवर पडणाऱ्या हातोड्यांना कसर लागली होती, तिथे लोकरीचा नमदा कापून चिकटवला. तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात त्यांना बसेल असा पाना यवतमाळात मिळेना, म्हणून त्यांनी एक गोटी पाना घासून घासून तसा केला. मग प्रश्न आला की सूर कशावर लावायचा.

इथे आम्ही जी चूक केली ती आमच्याकडचीच माणसं करतील. भजनात मृदंग पेटीवर लागतो, गाणारा पेटीवर लागतो, बाहेरगावचा बुवा आला तरी तो आधी पेटीचा सूर मागतो. पेटी कशावर लागली आहे असं आजवर कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही. त्यामुळे मी मुकुटबनला गेले आणि बाबांची पेटी मागितली. बाबांनी दिवाळीच्या सुट्टीपुरती दिली, म्हणजे दोन गुरुवार भजन पेटीविना झालं. निघताना म्हणाले, “आपली पेटी खरी हाये. बाकीच्यायनं तिच्या मागं यावं.”

आम्ही पियानो तिच्या मागे आणला. मी डाव्या हाताने भाता मारायची, उजव्याने एक पट्टी दाबून धरायची आणि चाचा पाना फिरवायचे. वर, अजून, जरासं खाली, थांबा. प्रत्येक पट्टीला बहुतेक तीन-तीन तारा. पेटी संपली की तिच्याच सुरांवरून वरचं आणि खालचं सप्तक लावायचं. दोन तारा तुटल्या, त्या चाचांनी कुठून तरी आणल्या. सुट्टी संपली त्या दिवशी पियानो पूर्ण लागला होता. आमच्या मोबाईलमध्ये सूर मोजायची सोय आहे हे दोघांनाही माहीत होतं. पण पेटी समोर असताना मोबाईल काढायचं कोणाच्या मनात आलं नाही.

मग आम्ही एकत्र वाजवायला लागलो. शाळेत एका बाकावर बाई आणि पुरुष बसले की बोलणारे बोलतात. चाचांनी वर्कशॉपमध्ये एक लोखंडी स्टूल वेल्ड करून आणलं आणि ते माझ्या बाकापासून वीतभर लांब ठेवलं. ऑर्केस्ट्रात त्यांचा डावा हात नुसती एक जुळणी, म्हणजे तीन-चार सूर एकदम, दाबून धरतो, ताल मशीन वाजवते. ते म्हणायचे, “तुमचे दोन, माहा एक. तीन हातात गाडी चालते आपली.” मी त्यांच्या उजव्या हाताला सुट्टी द्यायचा प्रयत्न केला. ते दोन दिवसांत पळून गेले, मग आठवड्याने परत आले आणि म्हणाले, करू.

बाईंच्या पुस्तकात एक संथ रचना आहे. तिच्यात डावा हात एकसारखा झुलत राहतो आणि उजवा फार थोडं बोलतो. मी ती वाजवत असताना एकदा चाचांनी वरच्या पट्ट्यांवर हळूच दुसरं काही सुरू केलं. मुलगी सासरी निघते तेव्हा आमच्याकडे ऑर्केस्ट्रावाले जी बिदाईची धून वाजवतात ती. ती त्या रचनेत अशी बसली की मला पुढचं वाजवता येईना.

“याच्या पोटातच होती,” चाचा म्हणाले. “आपण फक्त दार उघडलं.”

तिथून पुढे आम्ही तसंच शोधत गेलो. एका युरोपी नृत्याच्या चालीत वरातीचा ठेका बसला. भूप रागाची आलापी आणि कापूस वेचताना आमच्या शेतात बाया जे गाणं म्हणतात ते शेजारी-शेजारी ठेवलं. शिक्षकांच्या खोलीत यावरून थट्टा व्हायची. मॅडम, आता वरातीत पण बसणार का, ट्रकवर जागा ठेवायला सांगू का. मी म्हणायची, सांगा, पण पुढची सांगा.

अध्यक्षांनी आमचं वाजवणं एकदा जाता-जाता ऐकलं आणि शाळेच्या वर्धापनदिनाला दोन पियानोंचा कार्यक्रम ठरवला. दुसरा पियानो नागपूरहून आणू, विजेवर चालणारा, असंही त्यांनीच ठरवलं. मला इतका आनंद झाला की दुसऱ्या पियानोवर कोण बसणार हे मी विचारलंच नाही. विचारण्यासारखं काही आहे असं वाटलं नाही.

तर पत्रिका छापून आल्या. मी एक चाचांना दाखवली. ते हसले. म्हणाले, लग्नपत्रिकेत मामाचं नाव असते, काकाचं असते, चिल्यापिल्यांचं असते, वाजवणाऱ्याचं कधी पाहिलं काय? त्यांच्या हसण्याचा मला त्या पत्रिकेपेक्षा जास्त राग आला. ते पुढे म्हणाले की कार्यक्रम झाला पाहिजे, तो बिघडवू नका, मी मागं बसून ऐकतो. मी म्हटलं, तुम्ही मागे बसला तर मी पण मागे बसेन, मग समोर कोण वाजवेल ते बघू.

मी अध्यक्षांच्या खोलीत गेले. ते चष्मा पुसत होते. त्यांनी बसायला सांगितलं आणि चहा मागवला. आवाज अजिबात चढवला नाही. शाळेचं नाव आहे, बाहेरून पाहुणे येणार, नागपूरचे सर शिकलेले आहेत, परीक्षा दिलेल्या आहेत, असं समजावत राहिले. मग म्हणाले, “शाळेच्या मंचावर बेंजोवाला बसवायचा का?”

“ते बेंजो वाजवत नाहीत, सर. की-बोर्ड वाजवतात.”

“तेच ते.”

“तेच नाही. आणि पियानो ज्यांनी जिवंत केला त्यांना तुम्ही मागे बसवताय.”

त्यांनी चष्मा घातला. मला माहीत होतं आता काय येणार, आणि तेच आलं. “तुला इथे कोणी आणलं, विसरलीस?”

“नाही विसरले. म्हणून तर बोलायला आले. दुसरं कोणी असतं तर मी न सांगता झाकण लावून किल्ली घेऊन गेले असते.” मी चहाचा कप बाजूला सारला. “सर, माझ्या शेजारी चाचा बसतील. नाही तर कोणी नाही.”

ते म्हणाले, नागपूरचे सर आदल्या दिवशी येतायत, सरावाला बसू, ऐकू, मग ठरवू. हा त्यांचा शेवटचा शब्द होता. मी चहा तसाच ठेवून उठले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या खोलीतून नमस्कार न करता निघाले, आणि जिन्यात थांबून एकदा परत जावंसं वाटलं. गेले नाही.

त्या संध्याकाळी पत्रिकांचे दोन गठ्ठे घरी नेले. प्रत्येक पत्रिकेवर नागपूरच्या सरांच्या नावाखाली निळ्या पेनाने चाचांचं नाव आणि आडनाव लिहिलं. सरांचं नाव खोडलं नाही, त्यांचा काही दोष नव्हता. फळ्यावर लिहिते त्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, एकही घाईत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मुलींनी त्या पत्रिका घरोघरी वाटल्या.

आदल्या दिवशी दुपारी नागपूरचे सर आले. पस्तिशीचे, साधे, बोलायला मोकळे. त्यांचा विजेवरचा पियानो दोन माणसांनी उचलून आमच्या पियानोशेजारी मांडला. बाबा सकाळच्या एसटीने मुकुटबनहून आले होते, पेटी मांडीवर घेऊन, कारण शेवटच्या गाण्यात त्यांची पेटी होती. चाचा भिंतीशी उभे होते. अध्यक्ष पहिल्या खुर्चीत.

सरांनी मला विचारलं, कुठून सुरुवात करू या. मी बाईंच्या रचनेची पहिली जुळणी वाजवली. त्यांनी तीच त्यांच्या पियानोवर वाजवली.

तो आवाज मला अजून आठवतो. दोन शेजारणी एकाच वेळी अंगणात येऊन भांडायला लागाव्यात तसा. सूर एकमेकांना घासत होते आणि मधली हवा थरथरत होती. दारातल्या मुली कानावर हात ठेवून हसल्या. मी परत वाजवलं. परत तेच.

सरांनी खिशातून मोबाईल काढला, माझ्या पियानोवर धरला आणि एकेक पट्टी वाजवायला सांगितली. मी वाजवत गेले. त्यांच्या कपाळावर आठी येत गेली. “सगळ्या खाली आहेत,” ते म्हणाले. मग दहा-बारा पट्ट्यांनंतर, जरा हळू, “पण सगळ्या सारख्याच खाली आहेत. कोणी लावला हा?”

अध्यक्ष उठून उभे राहिले होते. त्यांनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. ते माझ्याशी बोलत होते, पण बघत चाचांकडे होते. म्हणाले, शाळेची इतकी जुनी वस्तू मोटरवाल्याच्या हातात दिली, दुसरं काय होणार. सरांनी सांगितलं की हा पियानो वर चढवायचा तर दोन-तीन दिवस लागतील आणि इतक्या जुन्या तारा चढवल्या तर तुटतील. अध्यक्ष म्हणाले, मग जुना बाजूला सारा, सर एकटेच त्यांच्या पियानोवर वाजवतील.

मी बाबांकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. त्यांनी पेटी उघडली, एक सूर धरला, आणि तो माझ्या पियानोशी तंतोतंत मिळाला. खाली होती ती पेटीच. किती वर्षं खाली होती कोण जाणे. सगळं मुकुटबन तिच्या मागे खाली गात होतं आणि कोणाला काही कमी पडत नव्हतं.

चाचा पुढे आले. “गलती माही हाये,” ते अध्यक्षांना म्हणाले. “मॅडमची नाही. पाना माह्या हातात होता. मी हटतो, तुमी कार्यक्रम करा.”

“पेटी मी आणली,” मी म्हटलं. “आणि तुम्ही हटणार नाही.”

“बेटा, ऐक.”

“चाचा, मघा ऐकलं ना सगळ्या सारख्या आहेत म्हणून? मग बिघडलं काय? दोन पियानो आहेत, जुळत नाहीत. वरातीत असं झालं तर तुम्ही काय करता?”

चाचांनी सरांच्या पियानोकडे बघितलं, जसं ते मोटरीकडे बघतात. सरांना विचारलं, हात लावू काय. सर बाजूला झाले. चाचांनी शर्टाला हात पुसले, दोन बटणं एकत्र दाबली आणि पडद्यावर आकडा आला. त्यांनी आकड्याकडे बघितलंच नाही. मला म्हणाले, “सा धरून ठेवा.” मी धरला. त्यांनी त्यांचा सा लावला आणि बटण दाबत गेले. भांडण मंद झालं, आणखी मंद झालं, हवेतली थरथर लांब-लांब झाली, आणि मग एकदम काहीच उरलं नाही. दोन पियानोंतून एकच आवाज येत होता. दहाएक सेकंद लागले असतील.

“सनईवाले येतात ना,” चाचांनी सरांना सांगितलं, “एकेकाची सनई एकेका घरची. सनई काही बदलत नाही. मग मलेच जा लागते तिच्याजवळ.”

सर म्हणाले की ही सोय त्यांच्या पियानोत आहे हे त्यांना माहीत होतं, पण वापरायची वेळ कधी आली नव्हती. कानाने तर नाहीच. मग अध्यक्षांकडे वळून प्रामाणिकपणे म्हणाले, “मात्र हे स्टँडर्ड नाही. पट्टी खाली आहे.”

“आमचं स्टँडर्ड मुकुटबनला आहे, सर,” मी म्हटलं. “उद्या दोन्ही पियानो तिथलेच लागतील.”

बाबा खाली मान घालून पेटी पुसत होते. त्यांना हसू येत होतं.

सरांनी पत्रिका बघितली होती. त्यांनी मला बाजूला विचारलं की हे हाताने लिहिलेलं नाव चाचांचंच का. मी हो म्हटलं. ते म्हणाले, मला तर सांगितलं होतं की दुसरं कोणी नाही म्हणून या. सुरुवातीला मी एकटा एक रचना वाजवतो आणि उठतो, पुढचं तुमचं. अध्यक्षांनी हे ऐकलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गाडी बोलावली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सहाला सभागृह भरलं. पुढे पाहुणे, मागे पालक, आणि त्यांच्याही मागे लोहाऱ्याचे कामगार आणि चाचांच्या ऑर्केस्ट्राचे सगळे. चाचांनी मला विचारलं होतं, साधा शर्ट घालू ना. मी सांगितलं, लग्नात घालता तो घाला. ते मरून रंगाचा चमकीचा कोट घालून आले. दिव्याखाली तो असा चकाकला की पहिल्या रांगेत कोणीतरी हसलं. चाचांनी त्या दिशेला मान लववली आणि लोखंडी स्टुलावर बसले.

सर त्यांची एक रचना वाजवून उठले, मग आम्ही बाईंच्या रचनेने सुरुवात केली. माझा डावा हात झुलत होता. एका जागी मी वळून बघितलं, चाचांचाही डावा हात झुलत होता, आठवडाभर पळून जाऊन परत आलेला तो हात. मग त्यांनी उजव्याने बिदाईची धून सोडली. सभागृहात आधी कुजबुज झाली, ओळखीची. मग ती थांबली. मी वाजवताना लोकांकडे बघत नाही, पण त्या क्षणी पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावलेला मला दिसला. वरातीच्या ठेक्याला मागचे उभे राहिले. शिक्षकांच्या खोलीतले थट्टा करणारेही उभे होते. शेवटी वेचणीचं गाणं, आणि त्यात बाबांची पेटी. दोन्ही पियानो तिच्या मागे चालले.

मग सत्कार. टेबलावर शाल आणि नारळ ठेवलेले मला वाजवतानाच दिसले होते. दोन शाली होत्या. एक नागपूरच्या सरांना दिली, टाळ्या झाल्या. मग सूत्रसंचालकांनी माझं नाव घेतलं. अध्यक्ष शाल उघडून उभे होते.

मी उठले नाही. हात पट्ट्यांवर ठेवून बसून राहिले. परत नाव घेतलं. मी अध्यक्षांकडे बघितलं, उद्धटपणे नाही. तेरा वर्षांपूर्वी खिडकीशी उभी असताना बघितलं होतं तसंच बघितलं असेल. चाचा दातांतून म्हणाले, “मॅडम, उठा, काहून असं करून राह्यल्या.” मी मान हलवली.

अध्यक्ष माईककडे गेले. त्यांनी घसा साफ केला. आणि चाचांचं नाव घेतलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. वडिलांचं नाव पत्रिकेवर मी लिहिलेलं नव्हतं, मला माहीतच नव्हतं. लोहाऱ्याचे, असंही म्हणाले. “आणि या,” माझ्याकडे बघून एवढंच पुढे.

आम्ही दोघं एकदम उठलो. ती एक शाल त्यांनी चाचांच्या चमकीच्या कोटावर घातली. नारळ माझ्या हातात दिला. मी वाकून नमस्कार केला, मनापासून केला.

पियानोवर कापड घालताना चाचा म्हणाले, “यायले माह्या बापाचं नाव मालूम होतं.”

“हो.”

“मंग बेंजोवाला काहून म्हणत होते?”

नाव माहीत होतं, मंचावर घ्यायचं नव्हतं, हे मला कळत होतं आणि त्यांनाही. आम्ही झाकण लावलं.

पुढच्या आठवड्यात कार्यालयातून एक कागद आला. शाळेचा पियानो नागपूरच्या माणसाकडून प्रमाण सुरात लावून घ्यावा, संगीत विभागाने मागणीपत्र द्यावं. संगीत विभाग म्हणजे मी. मी खाली ‘आवश्यकता नाही, पियानो सुरात आहे’ असं लिहिलं, सही केली, तारीख टाकली आणि शिपायाच्या हाती कागद परत पाठवला. नंतर पुन्हा कागद आला नाही. रविवारी चाचा येतात. लोखंडी स्टूल तिथेच असतं.